खिडकीतली मिठाची बशी

मोकल सर गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. सकाळी सव्वासातची वेळ, मी डबा भरत होते. आधी एक मेणबत्ती आली, मग तीन गुलाब, मग जोडलेल्या हातांची रांग. कोण गेलं हे नवव्या संदेशापर्यंत कुणी लिहिलंच नव्हतं. शेवटी शिपायाने सरळ लिहिलं, 'मोकल सर वारले. गावीच. पहाटे.' ते वाचून मी स्टुलावर बसले, तोवर त्याच्याच खाली प्रश्न आला, 'गणवेशाची यादी आजच द्यायची आहे का?' आणि त्यावर मुख्याध्यापकांचा अंगठा. शिळ्या भाताचं झाकण उघडल्यावर येतो तसा एक वास मला त्या फोनमधून आल्यासारखा वाटला. मी फोन पालथा ठेवला आणि डायरी घेतली. पेणची एस.टी. किती वाजता, माझा तिसरा आणि पाचवा तास कोण घेईल, जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाकुणाला कळवायचं… मी यादी करणारी बाई आहे. रडणं मी यादीत शेवटी लिहिते आणि ते बहुतेक वेळा राहून जातं.

सर आमच्या हायस्कुलात सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवत होते. अलिबागहून मुरुडला जाताना डाव्या हाताला शाळा लागते, उजव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. सर मूळचे इकडचे नव्हेत. वर पेणच्या खाडीकडचे, मिठागरावरच्या घरातले. वडील, आजा, सगळे मीठ ओढणारे. त्यामुळे हवेचं त्यांना फार कळायचं. वर्गात पुस्तकी बोलायचे, पण रंगात आले किंवा चिडले की घरची बोली बाहेर पडायची. आणि चिडायचे ते विचित्र गोष्टींवर. शाळेचं तुंबलेलं गटार त्यांनी स्वतः काठी घालून मोकळं केलेलं मी पाहिलं आहे. बरणीतला जुना बेडूक फुटला तेव्हा सगळे नाक धरून पळाले, सरांनी हाताने भरला. घाणीची त्यांना घाण वाटत नसे. पण एखाद्या मुलाने शेजाऱ्याच्या वहीतून निरीक्षण उतरवलेलं सापडलं, की ती वही ते मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, 'शी!' एवढंच. मुलं छडीपेक्षा त्या 'शी'ला घाबरायची.

आमची पहिली ओळख भांडणाने झाली. मी नवी, गणिताला लागलेली. अक्षर बरं म्हणून तेव्हाच्या हेडसरांनी वेळापत्रक आणि वार्षिक नियोजन माझ्या गळ्यात घातलं होतं. नियोजनाचा तक्ता वरून छापून यायचा आणि कुठल्या महिन्यात कुठला धडा ते त्यात ठरलेलं असायचं. सातवीचा घर्षणाने निर्माण होणाऱ्या विजेचा धडा ऑगस्टात होता. सरांनी तो आपल्या रकान्यात ऑगस्टातही लिहिला होता आणि जानेवारीतही. मी लाल पेन घेऊन प्रयोगशाळेत गेले.

'सर, एक धडा दोनदा आलाय.'

'आलाय नाही, घेतलाय.'

'असं चालत नाही. तक्त्यात त्याला एकच चौकोन आहे.'

'मग एकाचे दोन करा. तुम्ही वाडीवाली माणसं, वाटण्या करायची तुम्हाला सवय हाय.'

आमची नारळी-पोफळीची वाडी चार काकांत वाटली गेली होती हे गावाला ठाऊक होतं. मला राग आला. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावर कागदाचे कपटे टाकले, खिशातला कंगवा काढून डोक्यावर उरलेल्या केसांत पाचपन्नास वेळा घासला आणि कपट्यांवर धरला. कपटे पडून राहिले.

'कंगवा बिघडलाय का?' मी विचारलं.

'कंगवा बरा हाय. हवा भिजलीय.' आणि त्यांनी खिडकीकडे बोट केलं. तिथे कडेला टवका उडालेली एक पांढरी बशी होती. बशीत चमचाभर जाडं मीठ, आणि मिठाच्या भोवती पाण्याचं तळं साचलेलं. 'हे आमचं यंत्र. मीठ मोकळं असलं तर प्रयोग होतो. ओलं असलं तर होत नाही. घासल्यावर प्रभार तयार होतो, बाई, पण अशा हवेत तो टिकत नाही. निसटून जातो. हा तक्ता करणारा माणूस कुठंतरी कोरड्या गावात बसलाय. ऑगस्टात आपल्या चपलांना बुरशी येते, त्याला काय ठाऊक?'

'मग ऑगस्टात घेताच कशाला? एकदम जानेवारीतच घ्या.'

'आणि ऑगस्टात होत नाही, हे कोण शिकवणार?'

मी चौकोनाचे दोन केले. त्यासाठी मला अख्खा तक्ता पुन्हा आखावा लागला आणि मी ते त्यांना दोन वर्षं ऐकवत होते.

त्यांची पद्धत ठरलेली होती. ऑगस्टात सातवीच्या मुलांनी कंगवे घासायचे, फुगे घासायचे, काचेची कांडी रेशमाने घासायची, आणि वहीत तारीख टाकून जे दिसलं ते लिहायचं: 'कपटे हलले नाहीत. हवा दमट. बशीतले मीठ ओले.' मग सर खाली सही करायचे. नाही घडलं त्यालाही सही. त्यानंतर मुलं बशीवर डोळा ठेवून असायची. दर सोमवारी मीठ बदललं जायचं. दिवाळी व्हायची, वारा फिरायचा, आणि जानेवारीतल्या एखाद्या सकाळी कुणीतरी धावत येऊन सांगायचं, 'सर, मीठ खुळखुळतंय!' मग वर्गात वेळापत्रक वगैरे काही उरत नसे. फुगे भिंतीला चिकटायचे, मुलींच्या वेण्यांतले सुटे केस उभे राहायचे, काचेच्या बरणीत टांगलेल्या वर्खाच्या दोन पट्ट्या फाकायच्या आणि मुलं अशी ओरडायची की शेजारी मला बीजगणित थांबवावं लागायचं. 'नवीन काही तयार झालं नाही,' सर ओरडून सांगायचे, 'एकाकडनं गेलं, दुसऱ्याकडं आलं!' एकदा मला दारातून आत ओढलं. 'बाईंची साडी नायलॉनची. आज बाईच प्रयोग.' साडी तडतडली, मुलं टाळ्या पिटत राहिली. मी चिडल्यासारखं केलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते.

एका वर्षी ऑगस्टातच सरांचे वडील गेले. सर तेरा दिवसांच्या रजेवर गावी. मागून शाळेची तपासणी लागली. हेडसर वह्या चाळत होते आणि सातवीच्या विज्ञानाच्या वह्या बघून त्यांना घाम फुटला. बेचाळीस मुलं आणि बेचाळीस वेळा 'कपटे हलले नाहीत'. 'हे काय? साहेब म्हणतील शाळेत प्रयोगच होत नाहीत. तुम्ही बघा जरा, तुम्हाला जमतं असलं.' मला जमतं असलं. मी हा वाक्प्रयोग इतक्या वर्षांनी लिहिताना पुन्हा ऐकते आहे, आणि माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं आहे. कारण मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मी एक तास मागून घेतला. फळ्यावर चार ओळी लिहिल्या: कंगवा केसांवर घासला असता कागदाचे कपटे त्याकडे आकर्षिले गेले, यावरून घर्षणाने वस्तू प्रभारित होते हे सिद्ध झाले. जुनं पान फाडायचं नाही, ब्लेडने कापायचं, म्हणजे वहीची शिवण सैल होत नाही, हेही मीच सांगितलं. ब्लेड मीच फिरवलं. पहिल्या बाकावर हर्षदा होती, कोळीवाड्यातली. वही पुढे करायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला.

'बाई, पन कपटं हाललीच न्हायत.'

'माहीत आहे मला.'

'मंग आमचं चुकलं व्हतं?'

'चुकलं नाही. तपासणी आहे. लिही.'

तिने लिहिलं. साहेब आले, वह्या उलटल्या, शेरा दिला: विज्ञान निरीक्षण वह्या उत्कृष्ट. हेडसरांनी मला स्वतःच्या हाताने चहा पुढे केला.

सर परत आले ते मुंडण केलेलं डोकं घेऊन. शिक्षकांच्या खोलीत आम्ही भेटायला उठलो, तर म्हणाले, 'आता कंगवा घासायची सोय बी राहिली नाही.' हसावं की नाही, कुणाला कळेना. मग ते वह्या घेऊन बसले. पहिली उघडली, दुसरी उघडली, पानाच्या मुळाशी बोट फिरवलं.

'कुणी कापली?'

'मी,' मी म्हटलं.

'ब्लेडनं?'

'हो.'

'नीट कापलीयत,' ते म्हणाले. वही मिटून दोन बोटांत उचलली. 'शी!' …बस. त्यापुढे ना तेव्हा बोलले, ना नंतर कधी. बाकीच्या सगळ्या पानांवर त्यांनी सह्या केल्या. त्या एका पानावर कुणाच्याच वहीत केली नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण जानेवारी आली. मीठ मोकळं झालं. सर दाराशी येऊन म्हणाले, 'या बाई, आज होणार,' जसं दर वर्षी म्हणायचे तसंच. मी गेले. हर्षदाने कंगवा केसांतून ओढला, कपट्यांवर धरला आणि सगळे कपटे टुणकन उडून कंगव्याला लागले. ती अशी किंचाळली की खिडकीतली चिमणी उडाली. 'झालं! सर, झालं!' मग तिने लिहायला वही उघडली आणि थांबली. 'सर, हितं तर आदीच झालं म्हनून लिवलंय. आता काय लिवू?'

सरांनी तिची वही पाहिली नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, मी काय सांगते याची वाट होती. बेचाळीस मुलं वाट बघत होती. चुकलं ते माझं, ऑगस्टातलं खोटं आहे ते खोडा, एवढंच म्हणायचं होतं. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, 'माझा तास आहे.' मागे सरांचा आवाज आला, 'नवीन पान घे. तारीख टाक. आज काय दिसलं ते लिही.' मुलांनी लिहिलं असणार. पण त्या सकाळचा आनंद मी ऑगस्टातच खर्च करून टाकला होता.

सर निवृत्त होऊन गावी गेले. मी पर्यवेक्षिका झाले. प्रयोगशाळेचं नूतनीकरण झालं. खिडक्या काचा लावून बंद, जाड पडदे, भिंतीवर मोठा स्क्रीन. टाकायच्या वस्तूंची यादी अर्थात मीच केली होती. सतराव्या ओळीत माझ्याच अक्षरात आहे: बशी, फुटकी, एक. आता भर पावसाळ्यात स्क्रीनवर एक गोरा, नखं रंगवलेला हात फुगा घासतो, कपटे उड्या मारतात, खाली संगीत वाजतं आणि आमची मुलं वहीत लिहितात: आम्ही फुगा घासला. मी त्या वह्यांवर सह्या करते. इतकी वर्षं केल्या. कापायलाही लागत नाही आता काही. खोटं थेट पहिल्याच पानावर, सुवाच्य.

एप्रिलमध्ये मी सरांना शेवटचं भेटले. ओटीवर खाट टाकलेली, अंगाला काही उरलेलं नाही. समोर जिथे मिठागरं होती तिथे भराव टाकून गोदामं उभी राहिली आहेत, ट्रक मागे घेतल्याचे आवाज दिवसभर. मी आमच्या वाडीतली शहाळी नेली होती, आणि काय काय बोलायचं याची मनात यादीही. यादीत पहिलं तेच होतं, त्या पानाचं. सरांनीच आधी विचारलं.

'बशी हाय ना खिडकीत?'

मी म्हटलं, 'आहे ना, सर.'

'मीठ बदलता?'

'दर सोमवारी.'

किती सफाईने आलं तोंडातून. वारासकट. खोटं बोलतानाही माझं वेळापत्रक चोख. सरांनी डोळे मिटले आणि मान हलवली, पोट भरल्यावर माणूस हलवतो तशी. म्हणाले, 'मग बरंय.' मरणाच्या दारातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, असं परतीच्या एस.टी.त स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. माझी सुटका व्हावी म्हणून बोलले. त्या बेचाळीस पानांनंतरचं ते त्रेचाळिसावं.

मग शोकसभा. तिच्याबद्दल काय लिहू… प्रवेशद्वारावर फ्लेक्स, त्यावर सरांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांची तोंडं परातीएवढी. ज्यांनी सरांचा एकही तास पाहिला नाही ते 'सरांच्या हातात जादू होती' म्हणाले. जादू! हा शब्द वर्गात कुणी उच्चारला तर सर त्याला बाकावर उभं करायचे. वडे आधी फिरले, दोन मिनिटांचं मौन नंतर, आणि मौनात कुणाचातरी वडा चावल्याचा आवाज. मी मुख्याध्यापकांना सरांच्या कारकिर्दीचे नऊ मुद्दे काढून दिले होते. आदल्या दिवशी, घाईत, त्यांच्या सेवेच्या फायलीतून, एकाखाली एक. ते वाचायला उभे राहिले. सहाव्या मुद्द्याला मी मान वर केली. 'शालेय तपासणीत सरांच्या विज्ञान निरीक्षण वह्यांना उत्कृष्ट शेरा.' टाळ्या पडल्या.

माझ्या हाताने गेलं होतं ते. फायलीत दिसलं, यादीत उतरवलं. कुणाकडून उतरवलेली वही सर ज्या बोटांनी धरायचे, त्या बोटांत धरावी अशी ती यादी होती. मी उठून तिथेच बोलायला हवं होतं. माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका होती आणि तिच्यात माझं नाव नव्हतं, म्हणून मी बसून राहिले.

बाहेर हर्षदा उभी होती. आता तिची सुक्या मासळीचा गाळा आहे बाजारात, दोन बायका हाताखाली. वडा तिने घेतला नव्हता.

'बाई, सहावा नंबर आयकला ना?'

'ऐकला.'

'यादी तुमीच दिली आसंल.'

'हो.'

ती पदराने हात पुसत राहिली. मग म्हणाली, 'पावसात सुकट वास मारायला लागलं की मी गिऱ्हाइकाला सांगते, आज न्हाय, आज घेऊ नको. नवरा वरडतो, गिऱ्हाईक घालवतेस म्हनून. पन सांगते. सरांनी शिकवलंय मना ते. आनि तुमी सरांच्याच नावावर…' पुढचं तिने सोडून दिलं. ती 'शी' म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून हे इथे, सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे. सहावा मुद्दा खोटा आहे. तो शेरा मोकल सरांचा नव्हता. ती पानं मी कापली, ते निरीक्षण मी फळ्यावर लिहिलं, आणि ज्या पानासाठी शाळेने टाळ्या वाजवल्या त्यावर सरांची सही नाही. त्यांच्या कारकिर्दीत मोजण्यासारखं काही असेल तर ती न केलेली सही. मुख्याध्यापकांना मी हे लेखी दिलं आहे. ते म्हणाले, 'आता कशाला, बाई? माणूस गेला.' मी पोच मागून घेतली.

पुढच्या सोमवारी मी घरातली एक बशी नेली. हर्षदाकडून जाडं मीठ घेतलं. तिने कागदात बांधून दिलं, कशाला ते विचारलं नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीची काच गंजलेल्या बिजागऱ्यांवर उघडेना, शिपाई आणि मी दोघांनी मिळून ढकलली. स्क्रीन बंद ठेवून सातवीच्या मुलांना कंगवे काढायला लावले. बाहेर धो धो चाललं होतं. घासून घासून मुलांचे हात दुखले. कपटे पडून राहिले. मागून एक मुलगी म्हणाली, 'बाई, स्क्रीनवर झालं व्हतं.'

'इथे झालं?'

'न्हाय.'

'मग तेच लिही. आणि जानेवारीत पुन्हा बघू.'

ती माझ्याकडे जरा संशयाने बघत राहिली, मग लिहायला वाकली. तास संपल्यावर मी अडतीस वह्यांवर सह्या केल्या. बशीत पाणी साचायला लागलं होतं.

त्याला आता तीन आठवडे झाले. मीठ मी दर सोमवारी बदलते. सरांना सांगितलं होतं तसं.